हिंजवडीत 20 मेगावॉटच्या डेटा सेंटरला 22 केव्हीवर वीज घेता येईल का?

नको, थेट 132 केव्हीच मागा. 20 मेगावॉट हा नुसता सर्व्हरचा भार. कूलिंग आणि यूपीएसचा (बॅटरी बॅकअप यंत्रणेचा) तोटा मिळून पीयूई, म्हणजे एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज, 1.5 धरला तर 30 मेगावॉट होतात, म्हणजे 0.98 पॉवर फॅक्टरला साधारण 30.6 एमव्हीए (ट्रान्सफॉर्मर आणि केबलची क्षमता याच एककावरून ठरते). 22 केव्हीवर याचा प्रवाह 800 अँपिअर, केबलसाठी फार जड. 132 केव्हीवर जेमतेम 134.

ट्रान्सफॉर्मर 50 एमव्हीएचे दोन घ्या. 25-25 चे घेतले आणि एक बंद पडला, तर दुसऱ्यावर 122 टक्के भार येतो. सोसायट्यांना वीज देणाऱ्या फीडरचा भार मध्यरात्रीनंतर उतरतो, ट्रान्सफॉर्मरचं तेल गार होतं. डेटा सेंटरमध्ये रात्री तीनलाही भार तेवढाच, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये वाइंडिंगला उसंत नाही, इन्सुलेशन लवकर झिजतं. जमिनीतल्या केबलचंही तेच, म्हणून तिची क्षमता सलग भारावरच काढा.

महापारेषणच्या (राज्याच्या वीज पारेषण कंपनीच्या) उपकेंद्रात मोकळी बे, म्हणजे नवी लाइन जोडायची जागा, आहे का, हे जागा घेण्याआधी विचारा.

यूपीएसच्या सेटिंगकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. व्होल्टेज क्षणभर पडलं की सगळे यूपीएस एकदम बॅटरीवर जातात. जुलै 2024 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात असाच डेटा सेंटरचा सुमारे 1,500 मेगावॉट भार एका झटक्यात ग्रिडवरून सुटला. मुख्य वीजपुरवठ्यावर परतणं टप्प्याटप्प्याने ठेवा.