त्रेचाळीस ओळींची यादी

"मॅडम, माझ्याच सवयींनी हे झालं ना?"

पाळी पुढे-मागे होणाऱ्या, पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाचं दुखणं) निघालेल्या, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेल्या मुली हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत बोलतात. मी समुपदेशक, ठाण्यात नौपाड्यात बसते. नवी मुंबईतल्या ऐरोली-महाप्याच्या ऑफिसांतल्या बऱ्याच जणी येतात. हल्ली हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की एकीची हकिकत लिहायचं ठरवलं. तिची परवानगी आहे. नाव मानसी धरू, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मानसी २९ वर्षांची, राहायला घणसोलीला. शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. पाळी कधी ४५ दिवसांनी, कधी ६०. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि उठता उठता म्हणाले, "लाइफस्टाइल बदला." काय बदलायचं ते मोबाइलने सांगितलं.

पहिल्याच भेटीत तिने एक्सेल शीट उघडून माझ्यापुढे धरली. ४३ ओळी. प्लास्टिकचे डबे, नॉनस्टिक तवा, परफ्यूम, नेलपॉलिश, बाहेरचं खाणं, सातव्या ओळीत 'हवा'. जवळजवळ प्रत्येकीपुढे टिकमार्क. "सगळे डबे भंगारात दिले मॅडम. आईने दिलेला सेटपण."

मी हसले नाही, कारण यादी खोटी नव्हती. प्लास्टिकमधली बीपीए आणि थॅलेट ही रसायनं शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात लुडबुड करतात, आणि गरम अन्न प्लास्टिकमध्ये भरलं की ती जास्त सुटतात. डबा स्टीलचा असावा हे मीही सांगते. पण पीसीओएस हे डब्यातून आलेलं दुखणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननाच्या वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांना ते असतं, आणि त्यात घराण्याचा वाटा मोठा. मधुमेहाशीही त्याचं नातं आहे, आणि मानसीच्या आईला मधुमेह आहे. ती ओळ यादीत नव्हती.

आणि 'हवा'! ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कारखान्यांचा रात्रीचा वास घणसोली-कोपरखैरण्याच्या माणसाला मी काय सांगावा? मानसीने त्यावर उपाय लिहिला होता, 'खिडकी बंद'. अख्ख्या पट्ट्याच्या हवेची जबाबदारी एकट्या पोरीने अंगावर घेतली होती.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "यात झोप कुठे आहे?"

बोटाने ती यादी खाली खाली नेत राहिली. ३८वी ओळ. पुढे खूण नाही.

"किती झोपतेस?"

"साडेपाच ते साडेनऊ. मग बेल सुरू होते. कचरेवाला, इस्त्रीवाला. मग डोळा लागत नाही."

"पुन्हा आडवी का होत नाहीस?"

"सून बाराला उठते, बरं दिसतं का ते?"

"कोणाला?"

"सासूबाईंना."

"त्या तसं म्हणाल्या?"

ती गप्प. मीही गप्प. अशा वेळी तोंड न उघडणं ही माझी अठरा वर्षांची कमाई आहे. खाली गोखले रोडवर हॉर्न वाजत होते. शेवटी ती म्हणाली, "नाही. मीच म्हणते."

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसपासून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसपर्यंत सगळे सांगत आले ते हेच: घटनेपेक्षा तिच्याविषयी आपण मनात जे बोलतो ते जास्त छळतं. मी त्याच वाटेची. पण त्या दुपारी मला स्वतःलाही एक गोष्ट नव्याने दिसली. यादीतल्या ४२ ओळी शिक्षेच्या होत्या. हे सोड, ते टाक, याला हात लावू नकोस. आरामाची ओळ एकच होती आणि नेमकी तीच राहिली होती. त्यानंतर मी प्रत्येकीला आधी झोपेचं विचारते.

यात शरीरशास्त्रही आहे. पाळीचा हुकूम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून सुटतो, आणि त्या भागाला उजेड-अंधार, झोप, खाणं, ताण या सगळ्याची खबर असते. रात्रपाळी आणि पाळीची अनियमितता यांचा संबंध अभ्यासांतून दिसला आहे. नोकरी सोड असं मी सांगत नाही, घराचे हप्ते मी भरत नाही. पण दिवसाची झोप सलग आणि अंधारात हवी. वजन वाढलेलं असेल तर त्यातलं ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. ९० दिवस पाळी आली नाही तर माझ्याकडे नाही, आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. मुलासाठी प्रयत्न करून वर्ष झालं, किंवा पस्तिशीनंतर सहा महिने झाले, तर तपासणी दोघांची.

दोघांची! यादीत नवऱ्याचा रकानाच नव्हता. चौथ्या भेटीला तो आला, खुर्चीच्या कडेवर बसला. दिवसाला सहा-सात सिगारेटी, लॅपटॉप कायम मांडीवर.

"टेस्टची खरंच गरज आहे का?"

"हिचं रक्त तीनदा तपासलं, सोनोग्राफी दोनदा झाली. तुमचं?"

तो एसीकडे बघत राहिला. आठवड्याभरात तपासणी करून आला, शुक्रजंतू थोडे कमी निघाले. मी त्याला साधा हिशेब सांगितला: शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्या जागेला शरीरापेक्षा थोडं थंड तापमान लागतं. म्हणजे आज सिगारेट सोडली, लॅपटॉप मांडीवरून उतरवला तर फरक बघायला तीन महिने थांबायचं. मानसी त्या दिवशी रडली. दुःखाने नव्हे, असं मला वाटलं, पण विचारलं नाही.

यादीचे मग आम्ही तीन भाग केले: तिचं, दोघांचं आणि कोणाच्याच हातात नसलेलं. 'हवा' तिसऱ्या भागात गेली. सासूबाईंशी बोलायचं तिने स्वतः ठरवलं, मी शब्द सुचवले नाहीत.

ही गोष्ट सांगितली की लोक विचारतात, मग गोड बातमी? ते मी सांगत नाही. तिने मला पाठवलेला फोटो मात्र जपून ठेवला आहे. त्यांच्या दारावर वहीच्या पानाचा चौकोन चिकटवलेला, सासूबाईंच्या ठसठशीत अक्षरात: 'दुपारी १२ पर्यंत बेल वाजवू नये. सून झोपली आहे.'