वाचकांचे प्रश्न : ‘अपस्ट्रीम’ कसा पाहावा?

प्रश्न : दिग्दर्शक जॉन फोर्डचा ‘अपस्ट्रीम’ (१९२७) हा मूकपट हरवला, असं वाचलं होतं, आता त्याची डीव्हीडी हाती आली आहे. तो सापडला कसा? आणि मूकपटांत माणसं तुरुतुरु धावताना दिसतात, ते टाळता येतं का?

उत्तर : न्यूझीलंडच्या चित्रपट संग्रहालयात अमेरिकी मूकपटांच्या नायट्रेट प्रिंट (त्या काळच्या ज्वालाग्राही फिल्मवरच्या प्रती) पडून होत्या, त्यांत हा निघाला. २०१० साली ते जाहीर झालं. वितरणाच्या रांगेत न्यूझीलंड अगदी शेवटी. तिथवर घासत गेलेली प्रिंट परत पाठवणं परवडत नसे, म्हणून ती तिथेच राही.

आता वेग. कॅमेरा बहुधा हाताने फिरवत; सेकंदाला १६ ते २४ फ्रेम (एकेक स्थिर चित्र), काही नेम नसे. १८ फ्रेमने टिपलेलं दृश्य २४ने दाखवलं की तासाचा चित्रपट पाऊण तासात उरकतो. प्लेअरचा वेग ०.७५ केला की बरोबर १८ येतो. मात्र आधी एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. दर चौथी फ्रेम आधीच्या फ्रेमची नक्कल असेल, तर वेग दुरुस्त केलेला आहे. आणखी कमी केलात तर नट पाण्यात चालल्यासारखे दिसतील. टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करण्यासाठी मधल्या फ्रेम स्वतःच भरणारी सोय) बंद करा. चित्र ४:३ राहू द्या. पडदाभर ताणलं की चेहरे पसरतात, आणि इथे सगळी गंमत चेहऱ्यांतच आहे. रंगछटा मूळ प्रिंटवरच्याच आहेत, रंग शून्यावर नेऊ नका.

प्रश्न : कथा साधीच वाटते. पाहायचं काय?

उत्तर : नाटकवाल्यांचं बोर्डिंग हाऊस. तिथला एक सुमार नट केवळ घराण्याच्या नावावर लंडनला हॅम्लेट करायला बोलावला जातो. त्याला भूमिका शिकवतो तिथलाच एक म्हातारा नट. त्या म्हाताऱ्यावरची नजर हलवू नका. या विनोदातलं दुःख त्याच्यापाशी आहे. शिष्य नाव कमावतो आणि सगळ्यांना विसरतो. पुढे तो परततो तो बोर्डिंग हाऊसमधल्याच गर्टी आणि चाकूफेक्या जॅक यांच्या लग्नाच्या दिवशी, आणि ही गर्दी आपल्याच स्वागताला जमली असं धरून चालतो! हा शिष्य साकारणारा अर्ल फॉक्स इथे हसवायला जात नाही, तो मनापासून खूश असतो. म्हणूनच हसू येतं. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा त्याला सोडा, जेवणाच्या टेबलाभोवतीची बाकीची मंडळी बघा.