थिनर मागताना नेमकं काय मागायचं?

प्रश्न : ताई, मी हरिकेन ह्या लढाऊ विमानाचं १/७२ स्केलचं प्लॅस्टिक मॉडेल करतोय. आतापर्यंत ब्रशनेच रंगवायचो, यंदा पहिल्यांदा एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) घेतला, ०.३ मिमीचं नोझल आहे. रंग हंब्रोल कंपनीच्या इनॅमलचे (ऑइलपेंटच्या जातीचे), २९ नंबर डार्क अर्थ आणि ३० नंबर डार्क ग्रीन. जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात थिनर मागितलं, त्यांनी बाटली दिली, तेच घालून पंखावर मारलं. रंग वाळला लगेच, पण हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत, आणि जिथे जरा जास्त मारला गेला तिथे पॅनल लाइन्सच (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघा) बुजल्या. रंग खराब आहे का माझं काही चुकलं? — एक वाचक, नागपूर

उत्तर : पंखाचं वाचून खरंच वाईट वाटलं, एवढ्या बारीक लाइन्स असतात त्या किटच्या. पण रंग चांगला आहे हो, घोळ सगळा 'थिनर' ह्या शब्दाचा आहे. हार्डवेअरवाल्याकडे नुसतं थिनर म्हटलं की तो बहुतेक वेळा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचं थिनर काढून देतो, कारण फर्निचरला लॅकर मारणारे पॉलिशवाले त्याच्याकडून तेच नेतात. त्यात टोल्युइन, अ‍ॅसिटेट, कीटोन असली जहाल सॉल्व्हंट असतात, प्रमाण बाटलीगणिक वेगळं, आणि आपल्या किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन नेमकं ह्यांच्यातच विरघळतं. आपण पार्ट जोडायला जे पाण्यासारखं पातळ सिमेंट लावतो ना, तेही ह्याच जातीचं असतं. म्हणजे रंगाबरोबर तुम्ही पंखावर सिमेंटच फवारलंत असं समजा, म्हणून लाइन्स बुजल्या. आणि खरखरीतपणाचं कारण म्हणजे हे थिनर उडतं फार पटकन, त्यात नागपूरचा मे महिना, त्यामुळे नोझलमधून सुटलेला थेंब पंखापर्यंत पोचायच्या आतच वाळतो आणि पावडर होऊन बसतो.

इनॅमलला सौम्य आणि सावकाश उडणारं थिनर लागतं. दुकानात 'ऑइलपेंटमध्ये घालायचं टर्पेंटाइन' किंवा सरळ 'एमटीओ' (मिनरल टर्पेंटाइन ऑइल) मागा. इंग्लंडमधले मॉडेलर ज्याला व्हाइट स्पिरिट म्हणतात ते साधारण हेच. कधीकधी शेजारच्याच फळीवरचं जवसाचं तेल हातात येतं, ते नको, आणि घरात आहे म्हणून रॉकेलही नको, वाळायला फार वेळ घेतं आणि मागे तेलकटपणा ठेवतं. नवीन बाटली आणली की एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा, तेलकट डाग राहिला असेल तर ती बाटली फक्त ब्रश धुवायला ठेवा. रंगाच्या कंपनीचं स्वतःचं इनॅमल थिनर महाग पडतं हे मान्य, पण माझं मत विचाराल तर शेवटच्या कोटला आणि ग्लॉस रंगाला तेच वापरा, कारण ते दर वेळी सारखंच वागतं. खालच्या कोटना टर्पेंटाइन चालतं, मी स्वतः तेच वापरते.

प्रमाणाचं म्हणाल तर अर्धा रंग अर्धं थिनर इथून सुरुवात करा, पण त्याआधी डबी नीट ढवळा, मॅट रंगाचा गाळ तळाशी घट्ट बसलेला असतो आणि वरचं पातळ तेवढं घेतलं तर मॅट रंग चकचकीत वाळतो, आणि मग आपण उगाच थिनरला दोष देत बसतो. मिश्रण वेगळ्या कपात करा, डबीत थिनर ओतू नका आणि उरलेला पातळ रंग परत डबीत घालू नका. कपाच्या कडेला लावून बघा, दुधासारखा ओघळून मागे पातळ पापुद्रा राहिला की झालं. प्रेशर १५ ते २० पीएसआय. पहिला कोट अगदी धुक्यासारखा, मग पाच-दहा मिनिटांनी दुसरा.

हॉबीचं लॅकर थिनर इनॅमलमध्ये घालणारे बरेच जुने मॉडेलर आहेत आणि त्यांचं काम सुंदर असतं, रंग पातळ बसतो, लवकर वाळतो, पकड चांगली येते. पण ते ओला कोट मारत नाहीत, आणि ते थिनर म्हणजे तुमची हार्डवेअरची बाटली नव्हे. करायचंच असेल तर आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर नाही, त्याच किटच्या स्प्रूवर (पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) मारून बघा, चमचा बऱ्याचदा वेगळ्याच प्लॅस्टिकचा असतो.

तुमच्याकडची ती बाटली फेकू नका, एअरब्रशचे धातूचे भाग धुवायला उत्तम आहे, फक्त रबरी ओ-रिंग आधी काढून ठेवा, त्या फुगतात. पंख आठवडाभर तसाच राहू द्या, मग ६०० आणि १००० च्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा, आणि लेबलची जाड टेप पट्टीसारखी चिकटवून स्क्रायबरने (रेघा कोरायच्या टोकदार हत्याराने) लाइन्स पुन्हा ओढा, हलक्या हाताने तीन-चार वेळा.

आणि एक, हे नक्की वाचा. टर्पेंटाइनची वाफ साधारण चाळीस अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी होते आणि तुमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा त्याच्या वर असतो, तेव्हा स्वयंपाकघराच्या बाजूला, देवघरातल्या समईजवळ वगैरे अजिबात फवारू नका. साध्या कापडी किंवा एन-९५ मास्कने वाफ अडत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या, खिडकी उघडी, पंखा हवा बाहेर फेकणारा. किटवर हजार-दोन हजार खर्च करतो तर फुप्फुसांवरही करावा.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात ग्लॉस काळा रंग पांढुरका वाळतो, आणि एरवी टर्पेंटाइन घातलं तर दोन-दोन दिवस चिकट राहतो. लवकर वाळावा म्हणून लॅकर थिनर घातलं होतं. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पांढुरकेपणा त्या लॅकर थिनरमुळेच. थिनर जितकं झपाट्याने उडतं तितका पृष्ठभाग गार पडतो, आणि जुलैच्या दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं, गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून धरतं तसंच. म्हणून पावसाळ्यात उलट सावकाश उडणारंच घ्यायचं.

चिकटपणाचं वेगळं आहे. इनॅमल दोन टप्प्यांत वाळतो, आधी थिनर उडतं आणि मग आतलं रेझिन हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतं, हा दुसरा टप्पा थिनर बदलून फारसा लवकर होत नाही. कोट पातळ ठेवा, मॉडेल झाकणाच्या डब्यात बंद करू नका, हवा लागू द्या पण धूळ नको, म्हणून वरून तिरकी जाळी ठेवा. वाळलाय का ते बोटाने बघू नका, नाकाजवळ धरा, वास येतोय तोवर वाळलेला नाही. अर्धवट वाळलेल्यावर पुढचा ओला कोट मारला तर सुरकुत्या येतात. कंप्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) नसेल तर आधी तो बसवा, नाहीतर पाण्याचे थेंब थुंकल्यासारखे उडतील. आत्ताचं मॉडेल पूर्ण वाळलं की २००० च्या पेपरने हलकं घासून पुन्हा कोट द्या.

प्रश्न : माझ्याकडे टामिया ह्या मॉडेल कंपनीचं एक्स-२०ए थिनर उरलंय, इनॅमलला चालेल ना?

उत्तर : नाही. ते टामियाच्या अ‍ॅक्रिलिकचं, इनॅमलचं नुसतं एक्स-२०, पुढे 'ए' नाही. 'ए' वालं इनॅमलमध्ये घातलं तर रंग फाटतो आणि गुठळ्या थेट नोझलमध्ये अडकतात. घातलंच असेल तर एअरब्रशचा ट्रिगर पुन्हा दाबू नका, नीडल मागून अलगद काढा, नोझल उघडा आणि रात्रभर लॅकर थिनरमध्ये बुडवून ठेवा.