विकतचे मानचिन्ह आणि अमेरिकेचा व्हिसा

प्रश्न : माझा मुलगा एकोणतीस वर्षांचा असून डबलबारी भजनात (दोन बुवांच्या भजनी सामन्यात) पखवाज वाजवतो. गेली बारा वर्षे त्याने जिल्ह्यातील व मुंबईतील नामवंत बुवांना साथ केली आहे. न्यू जर्सीतील एक संगीतवर्ग त्याला वर्षभर शिकवण्यासाठी आणि कार्यक्रमांसाठी बोलावू इच्छितो. ‘असामान्य गुणवत्तेच्या व्हिसासाठी पद्म पुरस्कारच लागतो,’ असे एका सल्लागाराने सांगितले. दुसऱ्याने साठ हजार रुपयांत दोन ‘राष्ट्रीय’ पुरस्कार व छापील मुलाखत मिळवून देण्याची तयारी दाखवली. आम्ही काय करावे?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : पहिल्याचे म्हणणे चुकीचे आहे आणि दुसऱ्याचे घातक आहे. असामान्य गुणवत्तेच्या ओ-१ व्हिसाचा कलावंतांसाठी असलेला प्रकार म्हणजे ओ-१बी. त्याला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार असल्यास उत्तमच. तो नसेल तर सहापैकी किमान तीन निकषांवर पुरावे देता येतात. नामांकित कार्यक्रमांत प्रमुख सहभाग, महत्त्वाच्या वृत्तपत्रांतील दखल, नामवंत संस्थेसाठी केलेली मोलाची कामगिरी, जाणकारांनी दिलेली मान्यता आणि इतरांहून अधिक मानधन हे त्यांपैकी काही.

आपल्याकडे अडचण गुणवत्तेची नसून कागदांची असते. रात्रभर बारी रंगते, पहाटे बुवांच्या हातावर पाकीट ठेवले जाते आणि मागे उरतो तो फाटका बॅनर. म्हणून मंडळांच्या निमंत्रणपत्रिका, नाव छापलेली हस्तपत्रके, कात्रणे (तारीख आणि वृत्तपत्राचे नाव दिसेल अशी) व मानधनाच्या पावत्या आजपासूनच जमवाव्यात. मराठी कागदाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि ते अचूक असल्याचे भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ‘मुलगा गुणी आहे’ एवढेच सांगणाऱ्या दहा शिफारसपत्रांपेक्षा, त्याच्या हाताचे वेगळेपण कशात आहे हे उलगडून सांगणारे ज्येष्ठ पखवाजियाचे एक पत्र मला अधिक वजनदार वाटते.

मात्र हा अर्ज मुलाने स्वतः करावयाचा नसतो. अमेरिकेतील संगीतवर्गाने किंवा तेथील एजंटाने करार, कार्यक्रमांचे वेळापत्रक आणि संबंधित कलाक्षेत्रातील संघटनेचे सल्लापत्र जोडून पिटिशन दाखल करावे लागते. ते मंजूर झाल्यानंतरच वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखतीचा प्रश्न येतो. ओ-१ची पहिली मुदत तीन वर्षांपर्यंत असते, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसाप्रमाणे त्याला वार्षिक संख्येची मर्यादा किंवा सोडत नाही.

तरीही आपल्या चिरंजीवांच्या बाबतीत मी पी-३ या व्हिसाचा विचार आधी करीन. एखाद्या समाजाची वैशिष्ट्यपूर्ण कला सादर करण्यासाठी किंवा शिकवण्यासाठी तो असतो आणि त्याची मुदत एक वर्षापर्यंत असते. तेथे कलावंत असामान्य आहे हे नव्हे, तर कला अस्सल आणि वैशिष्ट्यपूर्ण आहे हे दाखवावे लागते, आणि डबलबारीच्या बाबतीत ते सांगणारे जाणकार आपल्याला कुडाळपासून लालबागपर्यंत भेटतील. अर्थात मुलाचे शिकवणे आणि वादन या परंपरेतीलच असले पाहिजे. संगीतवर्गाला त्याच्याकडून चित्रपटगीतांची साथ करून घ्यायची असेल, तर ही वाट बंद होते.

साठ हजारांचे पुरस्कार घेऊ नयेत. हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास अमेरिकेत प्रवेशास कायमचे अपात्र ठरवले जाऊ शकते, आणि अशा एका बनावट मानचिन्हामुळे बारा वर्षांच्या खऱ्या कामाकडेही संशयाने पाहिले जाते.

प्रश्न : मी सागरी शैवालांवर संशोधन करते. ओ-१साठी स्वतःच अर्ज करता येईल का? पतीला तेथे नोकरी करता येईल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. ओ-३वर, म्हणजे ओ-१धारकाच्या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर, आलेल्या जोडीदाराला शिक्षण घेता येते, नोकरी करता येत नाही. स्वतः अर्ज करण्याची सोय ईबी-१ए या वर्गात आहे. पण तो कायम वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा मार्ग आहे. मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार नसेल, तर त्यात दहापैकी किमान तीन निकष पूर्ण करावे लागतात आणि त्यानंतरही एकूण पुराव्याचा स्वतंत्र विचार होतो. केवळ शोधनिबंधांची संख्या मोजून त्या वाटेला जाऊ नये. इतर संशोधकांनी आपल्या कामाचा आधार कोठे घेतला, हे आधी पाहावे.