वाचकांचे प्रश्न : वर्गमूळ सोपे करताना कुठे थांबावे?

प्रश्न : √७२ सोपे करताना ७२ चे ९ × ८ असे अवयव पाडून मी ३√८ हे उत्तर काढले, उत्तरसूचीत मात्र ६√२ आहे. माझे उत्तर चुकले का? आणि अवयव पाडणे कुठे थांबवायचे, हे कसे ओळखावे?

उत्तर : आपले उत्तर चुकलेले नाही, अपुरे राहिले आहे. ३√८ आणि ६√२ या दोहोंचा वर्ग ७२ च येतो. परंतु ८ मध्ये ४ ही पूर्ण वर्ग संख्या अजून शिल्लक असल्याने करणीला (म्हणजे पूर्ण न सुटणाऱ्या, मूळचिन्हासह लिहिलेल्या संख्येला) सर्वांत सोपे रूप आलेले नाही. ७२ चे मूळ अवयव २ × २ × २ × ३ × ३ असे मांडले, की २ ची एक जोडी आणि ३ ची एक जोडी लगेच दिसते. प्रत्येक जोडीतील एक अवयव चिन्हाबाहेर येतो, बिनजोडीचा २ आतच राहतो, आणि बाहेर २ × ३ म्हणजे ६ मिळतात.

कुठे थांबावे, हा आपला प्रश्न फार मोलाचा आहे, कारण पुष्कळ विद्यार्थी मोठी संख्या पाहून नाहक दमतात. √३२३ घ्या. ३२३ ला २, ३ किंवा ५ ने भाग जात नाही. आता ७ किंवा त्याहून मोठ्या मूळ संख्येची जोडी आत असेल, तर तिच्यासोबतचा उरलेला अवयवही किमान ७ असायला हवा; पण ७ × ७ × ७ = ३४३, म्हणजे ३२३ पेक्षा जास्त. तेव्हा ३२३ स्वतःच पूर्ण वर्ग असण्याची एवढीच शक्यता उरते. १७ चा वर्ग २८९ आणि १८ चा ३२४ असल्याने तीही मावळते. √३२३ आहे तसेच ठेवावे; ३२३ = १७ × १९ हे शोधण्याचीही गरज नाही.

हे सारे करायचे ते मुख्यतः बेरीज-वजाबाकीसाठी. √५० + √१८ या करणी सरूप (म्हणजे सोप्या रूपात चिन्हाखाली एकच संख्या असलेल्या) आहेत हे वरवर दिसत नाही, पण सोप्या रूपात ५√२ + ३√२ = ८√२, म्हणजेच √१२८, असे उत्तर सरळ येते. त्याऐवजी चिन्हाखालच्या संख्यांचीच बेरीज करून √६८ लिहिणे चूक आहे : √(अ × ब) = √अ × √ब हा नियम अ आणि ब ऋण नसताना गुणाकाराला लागू पडतो, बेरजेला नाही. √(९ + १६) ची किंमत ५ येते, तर √९ + √१६ ची ७.