लग्नाच्या प्रश्नावर तू हसलीस, त्याबद्दल

अगं, मेसेजमध्ये एवढं टाईप होणार नाही म्हणून पत्रच लिहितेय. लांबेल जरा, सवडीने वाच.

तू पाठवलेला तुझा निवडणुकीबद्दलचा इंटरव्ह्यू मी तीनदा बघितला. पहिली चार मिनिटं मस्त गेली, पाणीपुरवठ्याचे आकडे तोंडपाठ होते, कुठे अडखळली नाहीस. मग मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, लग्न-मुलंबाळं झाल्यावर हे सगळं कसं जमवणार? आणि तू हसलीस. हसलीस ते ठीक, पण हातातलं पेन टकटक उघडबंद करायला लागलीस आणि पुढची दोन मिनिटं घरचे किती सपोर्टिव्ह आहेत हेच सांगत बसलीस. शेजारी बसलेल्या त्या दुसऱ्या उमेदवाराला तीन लहान मुलं आहेत, तुलाही माहितीये मलाही माहितीये, त्याला विचारलं का कुणी?

न्यूझीलंडच्या जसिंडा आर्डर्नबाई २०१७ च्या ऑगस्टमध्ये पक्षाच्या नेत्या झाल्या ना, त्याच दिवशी टीव्हीवर त्यांना मुलांचा प्रश्न आला. त्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी एका अँकरने म्हटलं की कंपनी नोकरी देताना बाईला हे विचारू शकते, मग मात्र त्यांनी त्याच्याकडे थेट बोट दाखवून सुनावलं, की माझं ठीक आहे, मी बोलायचं ठरवलंय, पण २०१७ साली बायकांना कामाच्या ठिकाणी हे उत्तर द्यायला लागणं अजिबात चालणार नाही. यातलं बारीक कळलं का तुला? स्वतःपुरतं दार किती उघडायचं ते त्यांनी ठरवलं आणि बाकीच्या बायकांच्या वतीने ते बंद पण केलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये पंतप्रधानपदावर असतानाच मुलगी झाली, सहा आठवडे रजा घेतली, तेवढा वेळ उपपंतप्रधानांनी कारभार बघितला, देश काही बुडाला नाही.

त्याच्या आधी १९९० मध्ये बेनझीर भुट्टो यांनाही पंतप्रधानपदी असताना मुलगी झाली, पण त्या दवाखान्यात गुपचूप गेल्या आणि लगेच कामावर हजर. ब्रिटनच्या टोनी ब्लेअरना पण पंतप्रधान असताना मुलगा झाला, २००० मध्ये. तेव्हा पेपरमध्ये चर्चा रंगली ती ते सुट्टी घेणार का याची, आता यांना देश चालवणं जमेल का असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

म्हणून सांगते, अशा प्रश्नांना एक वाक्य आधीच ठरवून ठेव आणि दर वेळी तेच म्हण, शब्दही बदलू नको, रिपोर्टरला दोनदा तेच ऐकलं की कंटाळा येतो आणि क्लिप बनत नाही. नाहीतर उलटा प्रश्न. २०२२ मध्ये फिनलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान सना मरीन न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आल्या होत्या, तेव्हा एका पत्रकाराने विचारलं की तुम्ही दोघी साधारण एका वयाच्या आहात म्हणून भेटताय का? आर्डर्नबाई म्हणाल्या, ओबामा आणि न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान जॉन की यांना कुणी कधी असं विचारलं होतं का. (ते दोघेही १९६१ च्या ऑगस्टमधलेच आहेत, तेही पाच दिवसांच्या अंतराने!) आवाज चढवला नाही, भाषण ठोकलं नाही. मला विचारशील तर या एका वाक्यातून शिकण्यासारखं जे आहे ते दहा ट्रेनिंगमध्ये नाही.

आणि असं ट्रेनिंग देणाऱ्यांपैकी मीच एक, म्हणून माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका उमेदवार बाईंचं भाषण मी तयार करून दिलं होतं. लोक म्हणायचे त्या फार कडक दिसतात, म्हणून मी पेन्सिलने समासात लिहिलं 'इथे हसायचं'. मग पक्षातले म्हणाले हसल्या की हलक्या वाटतात, म्हणून दोन पानांनंतर लिहिलं 'हसायचं नाही'. स्टेजवर वाऱ्याने पानं उडाली, उलटसुलट गोळा केली, आणि अपघातात गेलेल्या लोकांबद्दल बोलताना त्या बिचाऱ्या छान हसल्या. ती क्लिप फिरत राहिली. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. आजही कुणाच्या कागदावर समासात काही लिहिताना हात थांबतो.

तुला आवाजाबद्दल कमेंट आल्यात ना, 'कर्कश' वगैरे. मार्गारेट थॅचर यांनी आवाज खाली आणायला रीतसर शिकवणी घेतली होती. आवाज खाली आला, मग लोक म्हणाले पोलादी आहे, माया नाही. जुलिया गिलार्ड ऑस्ट्रेलियात पंतप्रधान व्हायच्या आधी, २००५ मध्ये, त्यांच्या स्वयंपाकघरातला एक फोटो छापून आला, त्यात फळांचं भांडं रिकामं होतं, झालं, बाईला संसार नाही! एका खासदाराने तर मूल नाही म्हणून नेतृत्वाला नालायक ठरवलं. म्हणजे मूल असलं तर लक्ष घरात, नसलं तर काळीज नाही. इकडे आड तिकडे विहीर. मर्केलबाई वर्षानुवर्षं तेच जॅकेट वेगवेगळ्या रंगात घालायच्या त्यावर विनोद व्हायचे, आणि २००८ मध्ये ऑस्लोच्या ऑपेरा हाऊसच्या उद्घाटनाला जरा खोल गळ्याचा ड्रेस घातला तर त्याची बातमी युरोपभर. त्याच बाईंनी सोळा वर्षं जर्मनी चालवला. त्यामुळे तू माईक नीट धरायला शीक, श्वास कुठे घ्यायचा ते शीक, ते कामाचं आहे. आवाज आहे तोच असू दे.

आता दुसरी बाजू, जी तुला कमी आवडेल. 'रणरागिणी', 'वाघीण', 'दुर्गा' असं कुणी म्हटलं की तुला बरं वाटतं, पोस्ट शेअर पण करतेस, बघितलंय मी. जरा जपून. इंदिरा गांधी १९६६ ला पंतप्रधान झाल्या तेव्हा पक्षातल्या ज्येष्ठांना वाटलं ही आपल्या मुठीत राहील, विरोधक 'गूंगी गुडिया' म्हणायचे. १९७१ चं युद्ध जिंकलं आणि त्याच बाई दुर्गा झाल्या. बाहुली ते देवी, मधे साधं माणूस असण्याचं स्टेशनच नाही. आणि देवी चुकली की तिला माणसासारखी माफी नसते, तिचं थेट विसर्जन.

तसंच, बाई आली म्हणजे बायकांचं भलं झालंच असंही धरून चालू नको आणि तसं आश्वासन तर देऊच नको. थॅचरबाई अकरा वर्षं पंतप्रधान होत्या, तेवढ्या काळात कॅबिनेटमध्ये दुसरी बाई आली ती एकच, तीही दोन वर्षांपुरती. राग येतो मला त्याचा, पण पुरुष नेत्याकडून आपण कधी सगळ्या पुरुषांचा हिशोब मागतो का, हेही आहेच. तुझ्याकडून तुझ्या कामाचा हिशोब मागितला जावा एवढंच बघ.

सगळ्यात महत्त्वाचं मी उशिरा लिहितेय, माझी सवय. तुला त्यांनी ती सीट देऊ केलीय, लोक अभिनंदन करतायत. हो म्हणायच्या आधी विचार, आत्ताच का? मिशेल रायन आणि अलेक्स हॅसलम या दोन संशोधकांनी २००५ मध्ये कंपन्यांच्या बोर्डांचा अभ्यास करून एक शब्द दिला, काचेचा कडा. म्हणजे जहाज बुडायला आलं की बाईला कॅप्टन करायचं. राजकारणातलं बघायचं तर कॅनडाच्या किम कॅम्पबेल. १९९३ च्या जूनमध्ये देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या तेव्हा आधीच्या पंतप्रधानांवर लोक वैतागलेले होते. ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, १९८८ ला १६९ जागा जिंकणारा पक्ष २ जागांवर आला, बाईंची स्वतःची सीटपण गेली. आइसलँडमध्ये २००९ ला योहाना सिगुर्दरदोत्तिर आल्या त्या बँका कोसळल्यावर, ब्रिटनमध्ये थेरेसा मे आल्या त्या ब्रेक्झिटचा निकाल लागल्यावर.

मी नको म्हण असं म्हणत नाहीये हां. योहानाबाईंनी चार वर्षं सरकार चालवून दाखवलं. बुडतं जहाज पण कधीकधी घ्यावं, पण भोक कुठे आहे ते बघून. मागच्या दोन उमेदवारांनी ती सीट का सोडली, प्रचाराला पैसे किती आणि कधी मिळणार, हरलीस तर पुढच्या वेळी तिकीट देणार का, हे दोन-तीन जणांसमोर विचारून घे. आणि निवडून आलीस तर महिला-बालकल्याणाच्या कमिटीवर टाकायला बघतील, काम चांगलंच आहे ते, पण सोबत फायनान्सचीही माग. पैसा कुठे जातो हे ज्याला कळतं त्याच्याशी लोक वेगळं बोलतात, मी हे आयुष्यभर बघत आलेय.

ट्रोलिंगचं थोडक्यात. स्वतः वाचू नको, दुसऱ्या कुणाला तरी वाचायला बसव, धमकी असेल तर स्क्रीनशॉट आणि तारीख ठेव आणि पोलिसात दे. बाकी कचरा.

श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके १९६० ला जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, मेक्सिकोला पहिली महिला राष्ट्राध्यक्ष मिळायला २०२४ उजाडलं, अमेरिकेला अजून मिळायचीच आहे. तेव्हा येत्या निवडणुकीपर्यंत जग बदलेल आणि मग बोलू अशी वाट बघू नको.

बुधवारी तुझी ती बजेटवरची चर्चा आहे ना, आकड्यांचे कागद मंगळवारी रात्रीपर्यंत पाठव, मी बघून ठेवते. समासात काही लिहिणार नाही. आणि हो, पेन घरी ठेवून जा.