रोगवाहक गोगलगायी आणि वनस्पतीजन्य औषधे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: शिस्टोसोमियासिस या परजीवी कृमींमुळे होणाऱ्या रोगावर प्राझिक्वांटेलसारखे गुणकारी औषध उपलब्ध असताना गोगलगायींचा नायनाट करण्याची गरज काय?

प्राझिक्वांटेल शरीरातील प्रौढ कृमींना मारते, पण पुन्हा होणारा संसर्ग रोखत नाही. रुग्णाच्या लघवीतून वा शौचातून पाण्यात गेलेल्या अंड्यांतील अळ्या गोड्या पाण्यातील ठरावीक जातींच्या गोगलगायींत शिरतात, तेथे हजारोंच्या संख्येने वाढतात आणि बाहेर पडल्यावर पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत घुसतात. म्हणून औषध घेतलेले मूल त्याच पाण्यात पुन्हा उतरले, तर चक्र नव्याने सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये २५ कोटींहून अधिक लोकांना या रोगासाठी प्रतिबंधक उपचारांची गरज होती. एवढ्या लोकांना वर्षानुवर्षे केवळ गोळ्या देत राहणे पुरेसे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: कोणत्या वनस्पती उपयोगी ठरल्या आहेत आणि त्यांतील कोणते घटक गोगलगायींना मारतात?

सर्वांत सखोल अभ्यास झाला तो इथिओपियातील ‘एंडोड’ या झुडपाचा. त्याची फळे तेथे पिढ्यान्‌पिढ्या कपडे धुण्यासाठी वापरली जात. १९६४ मध्ये तेथील अडवा या गावी इथिओपियन शास्त्रज्ञ डॉ. अक्लिलू लेम्मा यांच्या लक्षात आले की, बायका या फळांनी कपडे धूत होत्या त्या जागेच्या खालच्या अंगाला मेलेल्या गोगलगायी मोठ्या संख्येने पडल्या होत्या. या निरीक्षणातून उभ्या राहिलेल्या संशोधनासाठी त्यांना आणि त्यांचे सहकारी लेगेसे वोल्दे-योहान्नेस यांना १९८९ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. ज्या समाजाला रोगाची झळ बसते, त्याच्याच परसात उपाय वाढू शकतो, ही शक्यता या कामाने दाखवली, आणि मला तीच त्याची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

एंडोडमधील क्रियाशील घटक म्हणजे सॅपोनिने. पाण्यात फेस आणणारी ही संयुगे पेशींच्या आवरणातील कोलेस्टेरॉलसारख्या घटकांना चिकटून त्या आवरणाला छिद्रे पाडतात, त्यामुळे गोगलगायीच्या उघड्या, मऊ ऊतींचे क्षार-पाण्याचे संतुलन ढासळते. सगळ्याच वनस्पती मात्र अशा प्रकारे काम करत नाहीत: काजूच्या टरफलातील तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ले असतात, तर युफोर्बिया मिली या काटेरी शोभेच्या झाडाच्या चिकात मिलियामिने नावाची वेगळीच द्रव्ये आढळतात.

प्रश्न: नैसर्गिक असल्यामुळे ही द्रव्ये माशांना निरुपद्रवी असतात का?

नाही. सॅपोनिने कल्ल्यांवरही तसाच आघात करतात, त्यामुळे गोगलगायी मारणाऱ्या मात्रेत मासेही मरू शकतात. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की ती तुलनेने लवकर विघटित होतात. निक्लोसामाइड हे गोगलगायी मारण्याचे प्रचलित रासायनिक औषधही माशांना घातकच आहे. म्हणून निवड करताना उगम वनस्पतीचा की कारखान्याचा यापेक्षा मात्रा, जागा आणि वेळ यांचा विचार आधी करावा.

प्रश्न: रिठ्याची पूड घरीच करून तळ्यात टाकली तर चालेल का?

रिठ्यातही सॅपोनिने असतात आणि प्रयोगशाळेत त्यांचा गोगलगायींवर परिणाम दिसला आहे, तरीही असा प्रयोग स्वतःहून करू नये. पाण्याचे आकारमान आणि प्रवाह मोजल्याशिवाय मात्रा ठरवता येत नाही. शिवाय झाडाचा वाण, फळांची पक्वता आणि साठवण यांनुसार घटकांचे प्रमाण बदलते. मात्रा कमी पडली, तर गोगलगायी शंखात आक्रसतात किंवा पाण्याबाहेर सरकतात आणि वाचतात. रोग न पसरवणाऱ्या जातीही मरतात, ते नुकसान निराळेच. पूड डोळ्यांना आणि नाकाला झोंबते, आणि ती टाकण्यासाठी दूषित पाण्यात अनवाणी उतरणाऱ्यालाच संसर्ग होण्याचा धोका असतो. हे काम आरोग्य विभागाच्या परवानगीने, रबरी बूट व हातमोजे घालून, प्रशिक्षित माणसांनीच करावे.

प्रश्न: एकदा फवारणी केल्यावर गोगलगायी कायमच्या जातात का?

सहसा जात नाहीत. चिकट आवरणातील अंडी सॅपोनिनांना प्रौढांपेक्षा बरीच कमी दाद देतात. बायोम्फालारिया व बुलिनस या प्रमुख रोगवाहक गोगलगायी उभयलिंगी असून स्वफलन करू शकतात, त्यामुळे वाचलेल्या एका गोगलगायीपासूनही वसाहत पुन्हा उभी राहते. म्हणून फवारणीनंतर ठरावीक अंतराने त्याच ठिकाणी गोगलगायींची मोजणी करावी, काठची पाणवनस्पती काढावी आणि मोजणीत त्या पुन्हा वाढताना दिसल्या, तरच पुढची मात्रा द्यावी.